'त्याआधी काय?' : पुण्यातला १८९७चा प्लेग आणि कुटुंबकेंद्रित शुश्रूषा



पीएच.डी.ची सिनॉप्सिस लिहिताना पहिल्याच पानावर मी एक वाक्य टाकलं होतं. 'रुग्ण व कुटुंबकेंद्रित शुश्रूषा ही संकल्पना विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत उदयास आली.' वाक्य चुकीचं नव्हतं. अशी वाक्यं आपण सगळेच लिहितो, कारण आपल्या आधीच्या पाच प्रबंधांत ती तशीच असतात. गाईडनी त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि समासात दोन शब्द लिहिले : 'त्याआधी काय?'

खरं सांगायचं तर मला वैताग आला. मी एम.एस्सी. नर्सिंग केलेली मुलगी. माझा विषय आयसीयूबाहेर बसलेले नातेवाईक. मला इतिहासात कशाला पाठवताय? पण प्रश्न डोक्यातून जाईना. शेवटी सहा महिने मी ज्या गोष्टीच्या मागे लागले ती माझ्या वसतिगृहापासून तासाभराच्या अंतरावर, याच शहरात घडलेली निघाली. ती आज सांगते. जे आत्ता पेटची तयारी करतायत किंवा सिनॉप्सिसचं पहिलं प्रकरण लिहितायत, त्यांना तिचा उपयोग होईल असं वाटतं.

आधी पाठ्यपुस्तकातलं, थोडक्यात

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये लहान मूल रुग्णालयात दाखल झालं की आईवडिलांना ते आठवड्यातून मोजकेच तास भेटायला मिळे. आई आली की मूल रडतं, ती गेली की आणखी रडतं, म्हणून आईने न आलेलंच बरं, असा हिशेब होता. १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी दोन वर्षांच्या एका मुलीचे रुग्णालयातले आठ दिवस चित्रित केले. तो चित्रपट बघून डॉक्टर-नर्स मंडळी आधी चिडली, मग विचारात पडली. १९५९च्या प्लॅट समितीच्या अहवालाने आईवडिलांना भेटीची बंधनं नसावीत, लहान मुलाबरोबर आईला राहता यावं, अशा शिफारशी केल्या. पुढे १९९२ मध्ये अमेरिकेत या विषयाला वाहिलेली एक संस्थाच उभी राहिली. २००१ मध्ये तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या गाजलेल्या अहवालाने चांगल्या आरोग्यसेवेची सहा उद्दिष्टं सांगितली, त्यात 'रुग्णकेंद्री असणं' हे एक होतं.

आज आपण वर्गात जी चार तत्त्वं पाठ करतो ती अशी :

१. सन्मान : रुग्णाचं आणि घरच्यांचं म्हणणं ऐकणं, त्यांच्या रीती-श्रद्धा लक्षात घेऊन सेवा देणं.
२. माहिती : पूर्ण, वेळेवर आणि त्यांना कळेल अशा भाषेत देणं.
३. सहभाग : शुश्रूषेत आणि निर्णयात, त्यांना हवा असेल तेवढा.
४. सहकार्य : नियम, इमारत, प्रशिक्षण ठरवतानाही त्यांना बरोबर घेणं.

परीक्षेपुरतं एवढं पुरतं. आता ही चार तत्त्वं हातात धरून १८९७च्या पुण्यात जाऊ.

मार्च १८९७

मुंबईत मांडवीला १८९६च्या सप्टेंबरात प्लेग ओळखला गेला. वर्ष संपता संपता तो पुण्यात शिरला. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला. अगदी आटोपशीर कायदा, मोजून चार कलमं. साथ रोखायला सरकारला लागतील ते अधिकार आणि सद्‌हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही याची हमी. त्याच महिन्यात वॉल्टर चार्ल्स रँड हे आयसीएस अधिकारी पुण्याच्या प्लेग समितीचे प्रमुख म्हणून आले. १३ मार्चपासून घरांची झडती सुरू झाली. त्यासाठी आठशेहून अधिक सैनिक कामाला लावले होते.

झडतीची रीत अशी. गोरे सोजीर पेठेतल्या आळीत शिरणार, वाड्याची दारं उघडायला लावणार. माजघर, देवघर, स्वयंपाकघर सगळीकडे पाहणार. आजारी दिसला की तो प्लेगच्या रुग्णालयात, घरातली बाकीची माणसं विलगीकरणाच्या छावणीत. मागे उरलेल्या घरात जंतुनाशकं, चुन्याची सफेदी, जमीन उकरणं, कपडालत्ता आणि सामान जाळणं. प्लेगच्या गाठी जांघेत आणि काखेत येतात. म्हणजे तपासणी कुठे व्हायची ते वेगळं सांगायला नको. बायकांच्या बाबतीत यावरून केवढा क्षोभ झाला असेल, याची कल्पना करा.

यातला वैद्यकीय विचार अगदीच अडाणी नव्हता, हे मात्र प्रामाणिकपणे नोंदवलं पाहिजे. रोग्याला वेगळं करणं हे त्या काळच्या शास्त्राला धरूनच होतं. उंदीर आणि पिसवा यांचा नेमका संबंध सर्वांना मान्य व्हायला अजून काही वर्षं होती. खुद्द टिळकांचा 'केसरी' विलगीकरणाच्या किंवा रुग्णालयाच्या विरोधात नव्हता. त्यांचा राग पद्धतीवर होता. पंडिता रमाबाई तर सरकारविरोधी राजकारणातल्या नव्हेत. त्यांनीही मे महिन्यात 'बॉम्बे गार्डियन'ला पत्र लिहून पुण्याच्या प्लेग-व्यवस्थेत बायकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल जाहीर तक्रार केली. टिळक आणि रमाबाई यांचं एकमेकांशी फारसं कशावर पटत नसे. त्या दोघांची तक्रार एका जागी येते, तेव्हा संशोधकाने तिथे खूण करून ठेवावी.

२२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. ती गोष्ट आपण शाळेत शिकलोय. पण शाळेत ती क्रांतिकारकांच्या धड्यात येते. मी ती नर्सिंगच्या धड्यात आणून पाहिली.

चार तत्त्वं आणि एक वाडा

आता वरची यादी पुन्हा वाचा आणि त्या वाड्याच्या दारात उभे राहा.

सन्मान? बूट घालून देवघरात. माहिती? माणूस नेला तो कुठे, जगला की गेला, हे कळायची वाट अफवांतून जाणारी. मुंबईत तर त्याच्या आदल्या वर्षी अशी आवई उठली होती की दवाखान्यात नेतात ते मारायलाच, राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं त्याचा हा सूड. आज आपल्याला हसू येतं. पण आत काय चालतं हे कुणी सांगतच नसेल तर माणूस उरलेली जागा भीतीने भरतो. अफवा ही माहिती न मिळाल्याची जखम आहे, असं मी माझ्या वहीत तेव्हा लिहून ठेवलं.

सहभाग? घरच्यांना छावणीत नेलं, म्हणजे शुश्रूषा करणारे हातच काढून घेतले. तोंडात पाणी घालायलाही आपलं माणूस नाही. सहकार्य? नियम ठरले, मग लोकांना कळले.

परिणाम काय झाला ते आरोग्यसेवेच्या दृष्टीने बघा, राजकारण घटकाभर बाजूला ठेवून. लोक आजारी माणसं लपवू लागले. माळ्यावर, कपाटाआड, शेजारच्या वाड्यात. मेलेलं माणूसही लपवलं जाई. म्हणजे साथ शोधायला काढलेली मोहीमच साथ लपवायला कारण झाली. मुंबईत २९ ऑक्टोबर १८९६ ला हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले होते आणि त्यानंतर पालिकेला आधीची सक्ती सैल करावी लागली होती. तरी पुण्यात पुन्हा तोच मार्ग धरला गेला. मुंबईतही मार्च १८९८ मध्ये एका विणकराच्या घरातल्या बारा वर्षांच्या आजारी मुलीला तपासायला पथक आलं, घरच्यांनी नकार दिला आणि त्यातून दंगल पेटली. त्यानंतर मात्र सरकारचं धोरण हळूहळू बदललं. शतक उलटेपर्यंत सक्तीची जागा समजुतीने घेतली. लोकांनी कुटुंबासह गावाबाहेर माळावर झोपड्या घालून राहावं, यावर भर आला. आपल्याकडे जुन्या घरांत अजून 'प्लेगात माळावर राहिलो' अशा आठवणी सांगतात, त्या या काळातल्या.

म्हणजे रोग्याला गावापासून वेगळं करा, पण त्याच्या माणसांपासून तोडू नका, ही तडजोड व्हायला आपल्याकडे दंगली आणि खून व्हावे लागले. प्लॅट समिती त्यानंतर सहा दशकांनी बसली.

आपली माणसं म्हणजे कोण?

इथवर आले तेव्हा मला वाटलं, झालं माझं प्रकरण. परकं सरकार वाईट, घरची माणसं चांगली. गाईडना दाखवलं. त्या म्हणाल्या, 'बरं. आणि ज्याला वाडाच नव्हता, त्याचं काय?'

झडतीच्या त्या दिवसांत पुण्यात टिळक आणि इतर पुढाऱ्यांनी हिंदूंसाठी वेगळं प्लेग रुग्णालय चालवलं. मुंबईत तर पंथापंथांची, जातीजातींची तात्पुरती रुग्णालयं निघाली. आपल्या माणसांच्या देखरेखीखाली, आपल्या रीतीचं अन्नपाणी, नातेवाइकांना येता येईल अशी जागा. तिथे लोक आपण होऊन येऊ लागले. आजच्या भाषेत हे कुटुंबकेंद्रित शुश्रूषेचं उत्तम उदाहरण आहे. सन्मान, माहिती, सहभाग, सगळं त्यात बसतं.

पण जातीचं रुग्णालय म्हणजे त्या जातीबाहेरच्याला बंद दार. ज्या समाजाकडे वर्गणी देणारा शेठ नाही, अर्ज लिहिणारा वकील नाही, त्याच्या पेशंटने कुणाचं दार ठोठवायचं?

इथे हडपसरजवळचा सासणे मळा येतो.

सावित्रीबाई फुले तेव्हा सहासष्ट वर्षांच्या होत्या. जोतिराव जाऊन सहा वर्षं झालेली. मुलगा यशवंत डॉक्टर होता, सैन्यात नोकरीला. साथ पसरली तशी त्याला बोलावून सासणे मळ्यावर उघड्या रानात दवाखाना सुरू केला. सावित्रीबाई स्वतः रुग्ण आणवत, त्यांची उस्तवार करत. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला प्लेग झाल्याचं कळलं तेव्हा त्या मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. पुढे १९०५ मध्ये यशवंतही प्लेगच्याच रुग्णांची सेवा करताना प्लेगने गेला.

तारखा पुन्हा बघा. १० मार्चला सावित्रीबाईंचा मृत्यू, १३ मार्चला झडतीची सुरुवात. एकाच आठवड्यात, एकाच गावात, एकाच रोगावर दोन पद्धती. दोन्हींत रोग्याला वस्तीबाहेर नेलं जात होतं, हे महत्त्वाचं. मळाही गावाबाहेरच होता. फरक कशात होता? कोण न्यायला येतं, कसं नेतं आणि तिथे त्याच्याजवळ कोण बसतं, यात.

आणखी एक. यशवंत हा सावित्रीबाई-जोतिरावांचा दत्तक मुलगा. त्याची जन्मदाती काशीबाई ही ब्राह्मण विधवा, फुल्यांच्या बालहत्या प्रतिबंधक गृहात आलेली. म्हणजे या दवाखान्यातली आई आणि मुलगा यांचंही नातं रक्ताचं नव्हतं, आणि पाठीवरचं पोर तर दुसऱ्या जातीचं, दुसऱ्या वस्तीतलं. 'कुटुंब' या शब्दाची व्याख्या लिहिताना मी आता थांबते. आमच्या विषयातली आजची व्याख्या सांगते की कुटुंब म्हणजे कोण, हे रुग्णाने ठरवायचं. वर्गात हे वाक्य मला उगाच गुळगुळीत वाटायचं. सासणे मळ्याच्या बाजूने वाचलं की त्याला वजन येतं. कारण १८९७ मध्ये रक्ताच्या आणि जातीच्या व्याख्येने चाललं असतं तर मुंढव्याचं ते पोर कुणाच्याच खात्यात बसलं नसतं.

बारा वर्षांनी, ससूनच्या वॉर्डात

प्लेगच्या साथीत एक उणीव उघडी पडली होती, ती म्हणजे इथली भाषा बोलणाऱ्या, शिकलेल्या परिचारिकांची. ससून रुग्णालय १८६७ पासून होतं. पण घरंदाज म्हणवणाऱ्या मराठी घरांत नर्सचं काम हलकं समजलं जाई. परक्या पुरुषाला हात लावायचा, कुणाचीही घाण काढायची, रात्रपाळी करायची, छे!

२ ऑक्टोबर १९०९ ला रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुणे सेवासदन सुरू झालं, गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या जोडीला होते. सेवासदनने बायकांना नर्सिंगच्या शिक्षणासाठी ससूनमध्ये धाडायला सुरुवात केली. त्यात विधवा बऱ्याच होत्या. रमाबाई स्वतः रुग्णालयांत जाऊन पेशंटना फळं, फुलं, पुस्तकं देत, त्यांच्याशी बोलत बसत. आज ही गोष्ट किरकोळ वाटेल. पण न्यायमूर्ती रानड्यांची पत्नी रुग्णालयात जाते, हे पाहून किती घरांनी आपल्या माणसाला तिथे पाठवायची भीती सोडली असेल, याचा विचार करा.

पुढचं माझं वाचन आहे, ते माझं म्हणूनच घ्या. सेवासदनच्या या बायका वॉर्डात आल्या तेव्हा त्या दोन जगांमधला पूल झाल्या. डॉक्टरांनी काय सांगितलं ते पेशंटच्या आईला मराठीत, तिला पटेल अशा शब्दांत सांगणारं कुणीतरी आत उभं राहिलं. चार तत्त्वांपैकी दुसरं, माहितीचं, ते कागदावर येण्याआधी अशा माणसांच्या रूपाने आलं. आणि यात एक विसंगतीही आहे. घरच्यांनी ज्यांना शुभकार्यात समोर येऊ दिलं नाही, त्याच बायका दुसऱ्यांच्या घरच्यांना धीर देत होत्या. 'कुटुंब' म्हणजे नेहमी आधारच, असं गृहीत धरून प्रबंध लिहिणाऱ्याने या बायकांकडे एकदा बघावं. वॉर्डात आजही अशा सुना, अशा म्हाताऱ्या दिसतात, ज्यांना कुटुंबाच्या सल्ल्यापेक्षा कुटुंबापासून थोडी सुटका हवी असते. म्हणून आधी रुग्ण आणि मग कुटुंब, हा नावातला क्रम उलटा करायचा नाही.

आपल्याकडचा नातेवाईक

आता आजचं. परदेशी शोधनिबंधांत प्रश्न असा असतो की कुटुंबाला वॉर्डात आणायचं कसं. आपल्या सरकारी रुग्णालयात नातेवाईक गेलेलाच नाही. तो व्हरांड्यात सतरंजी टाकून झोपतो. डबा आणतो, पेशंटला कूस बदलून देतो, अंग पुसतो, भांडं देतो, नळीतून दूध घालतो, रक्ताची बाटली आणायला पळतो, रिपोर्टसाठी रांगेत उभा राहतो. एका सिस्टरकडे पेशंटची अख्खी रांग असते, तेव्हा अर्धा वॉर्ड नातेवाईकच चालवतात. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, मीही त्या रांगेच्या टोकाला उभी राहिलेली सिस्टर आहे.

मग प्रश्नावलीत 'नातेवाईक शुश्रूषेत मदत करतात का?' असं विचारलं की शंभरातले बहुतेक जण 'हो' म्हणणार आणि आपण निष्कर्ष लिहिणार, 'भारतात कुटुंबाचा सहभाग उच्च प्रमाणात आढळतो'. हा निष्कर्ष सपशेल फसवा आहे. मनुष्यबळ कमी म्हणून घ्यावी लागलेली हमाली आणि तत्त्व म्हणून दिलेला सहभाग, दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात. दोहोंतला फरक ओळखायला मी तीन साधे प्रश्न वापरते. जे काम करतोय ते त्याला कुणी शिकवलं का? त्याला 'मला हे जमणार नाही' म्हणता येतं का? आणि जो हात मदतीला लागतो, त्याच माणसाला राउंडच्या वेळी बाहेर काढतात का?

तिसरा प्रश्न सर्वात बोलका. रात्रभर आईच्या नाकातली नळी सांभाळणाऱ्या मुलाला सकाळी डॉक्टर आले की 'नातेवाईक बाहेर थांबा' असं ऐकावं लागतं. श्रम त्याचे घेतले, माहिती दिली नाही.

चांगली उदाहरणं नाहीत असं नाही. प्रसूतीच्या वेळी सोबतीला एक जवळची बाई असू द्यावी, असं केंद्र सरकारने २०१६ मध्ये सार्वजनिक रुग्णालयांसाठी सांगितलं. आजारी नवजात बाळांच्या कक्षात आईवडिलांना रीतसर शिकवून बाळाच्या सेवेत सामील करून घेण्याच्या मार्गदर्शक सूचना २०१७ मध्ये आल्या. हात कसे धुवायचे, बाळाला छातीशी कसं धरायचं, धोक्याची लक्षणं कोणती, हे सगळं सिस्टरने त्यांना शिकवायचं आहे. इथे पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आहे. तसंच, २०२१ मध्ये महाराष्ट्राने खासगी रुग्णालयांच्या नियमांत रुग्णहक्कांची सनद आणली. या तिन्ही गोष्टी कागदावरून वॉर्डात किती उतरल्या, हा आपल्यापैकी कुणाचाही पीएच.डी.चा विषय होऊ शकतो. हवा त्याने घ्या.

१३ मार्च, पुन्हा

९ मार्च २०२० ला महाराष्ट्रातले करोनाचे पहिले रुग्ण पुण्यात सापडले, नायडू रुग्णालयात ठेवले गेले. १३ मार्च २०२० ला राज्य सरकारने पुण्यासह काही शहरांत साथरोग कायदा लागू केला. तोच, १८९७चा. झडती सुरू झाल्याची तारीखही १३ मार्चच. तारखा जुळणं हा योगायोग आहे, पुरावा नव्हे, आणि व्हायवात असलं काही बोलू नका. पण माझ्यापुरता तो योगायोग चटका लावणारा होता, कारण त्या वर्षी मी नुकती स्टाफ नर्स म्हणून लागले होते.

वॉर्डात नातेवाइकांना बंदी. ती योग्यच होती, तेव्हा दुसरा इलाज नव्हता. फोन आमच्या टेबलावर. दिवसभर वाजायचा. पीपीई किटमध्ये घाम निथळत असताना मी एकच शब्द बोलायला शिकले, 'स्टेबल'. 'तुमचे पेशंट स्टेबल आहेत.' एक काकू रोज संध्याकाळी सहाला फोन करायच्या. चौथ्या की पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, 'बाळ, स्टेबल म्हणजे काय गं? आज जेवले का ते?' मला माहीत नव्हतं. मी ऑक्सिजन पाहिला होता, बीपी पाहिलं होतं, ताट पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून मी रोज एक गोष्ट जास्त लिहून ठेवायला लागले, प्रत्येक पेशंटची, घरच्यांना सांगता येईल अशी. जेवले का, काय बोलले, झोप लागली का. त्याला दोन मिनिटं जास्त लागायची. बंदी तशीच राहिली, पण फोनवरची भांडणं कमी झाली. हा अभ्यास नव्हे, एका वॉर्डातला अनुभव आहे. पण माझा पीएच.डी.चा विषय तिथून निघाला.

१८९७ आणि २०२० यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, तो पुसायचा नाही. २०२० मध्ये घरात शिरणारे सोजीर नव्हते. आशाताई होत्या, आमच्यासारख्या सिस्टर होत्या आणि आमच्यातलेही लोक मेले. तरी दारातला माणूस तोच प्रश्न विचारत होता : माझं माणूस कुठं आहे, कसं आहे, त्याच्याजवळ कोण आहे?

संशोधन सुरू करणाऱ्यांसाठी

यातून मी शिकले त्या तीन गोष्टी.

एक, शब्दाचा इतिहास आणि गोष्टीचा इतिहास वेगळा असतो. 'कुटुंबकेंद्रित शुश्रूषा' हा शब्द कधी आला ते लिहाच, पण तो शब्द नसताना लोक त्याच गोष्टीसाठी कुठे भांडत होते, तेही शोधा. शोधताना आजची संज्ञा सर्चमध्ये टाकून काही मिळणार नाही. 'छावणी', 'झडती', 'सोजीर', 'माळावर' असे त्या काळचे शब्द टाकावे लागतात.

दोन, आजची तत्त्वं जुन्या माणसांच्या तोंडी घालू नका. सावित्रीबाई कुठलंही मॉडेल राबवत नव्हत्या. त्यांनी एक पोर उचललं. तत्त्वं ही आपली पट्टी आहे, तिने मोजायचं, पण मोजलेली वस्तू म्हणजे पट्टी नव्हे.

तीन, साधन कुणी लिहिलं ते आधी बघा. प्लेग समितीचा अहवाल घरं, रुग्ण आणि खाटा मोजतो. 'केसरी' शहराच्या पुढाऱ्यांच्या नजरेने बघतो. रमाबाई बायकांच्या बाजूने लिहितात. मुंढव्याची गोष्ट चरित्रांतून आणि लोकांच्या आठवणीतून येते. चारही वाचल्याशिवाय मार्च १८९७ पुरा दिसत नाही.

माझ्या सिनॉप्सिसमधलं ते पहिलं वाक्य अजून आहे. खोडलेलं नाही, कारण ते खरंच आहे. त्याच्यापुढे आता एक परिच्छेद आला आहे, पुण्याचा. आणि प्रश्नावलीतला 'नातेवाईक मदत करतात का?' हा प्रश्न काढून त्याजागी दोन आलेत : 'हे काम तुम्हाला कुणी शिकवलं?' आणि 'तुमच्या पेशंटविषयी आज तुम्हाला कुणी काय सांगितलं?' पायलटमध्ये दुसऱ्या प्रश्नाखालची जागा बरीच जणांनी कोरी सोडली. पुढच्या लेखात त्या कोऱ्या जागांचं विश्लेषण कसं करायचं, ते लिहीन.